घरात कॅन्सर निघाला. आता गालातली तंबाखू सोडायची कशी?

दादाचा बायोप्सीचा रिपोर्ट मी गोव्यातल्या बांबोळीच्या इस्पितळातून डिचोलीला परतताना बसमध्ये वाचला. गालाच्या आतल्या बाजूचा कॅन्सर. कागदाची घडी केली, स्टँडवर उतरलो आणि हात आपसूक शर्टाच्या खिशात गेला. तिथे पुडी होती, चुन्याची डबी होती. तंबाखू मळली, थापटली, ओठाखाली धरली. बार तोंडात गेल्यावर मग मला रडायला आलं.

हे मुद्दाम सांगतोय. घरात कॅन्सर निघाला की माणूस त्याच दिवशी तंबाखू फेकून देतो, असं सगळे धरून चालतात. काही जण फेकतातही. पण बऱ्याच जणांचं माझ्यासारखं होतं. घाबरल्यावर काय करायचं, हे शरीराला वीस वर्षं एकच शिकवलेलं असतं. शिवाय भीती फार दिवस पुरत नाही. पहिले दहा-पंधरा दिवस ती असते. मग तपासण्या, पैशांची जुळवाजुळव, रजा, डबे पोचवणं, यात ती बोथट होते. तलफ मात्र पहिल्या दिवसाएवढीच ताजी राहते. म्हणून भीतीच्या भरवशावर राहू नका. तिच्या जोरावर तारीख ठरवा, पुढचं सगळं आधीच लावून ठेवा. मी ते कसं लावलं आणि कुठे चुकलो, ते खाली लिहितो. औषधाच्या बाबतीत शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचा.

आधी घरातली तंबाखू मोजा

दादा गुटखा खायचा, मी मळलेली खायचो, हे सगळ्या वाड्याला ठाऊक होतं. तिसरी तंबाखू आईच्या न्हाणीघरातल्या फळीवर, कॉफीच्या जुन्या बाटलीत होती. मशेरी. तिला विचारलं तर म्हणाली, "ती रे कुठे तंबाखू? ती दातांना लावायची."

मशेरी म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेली तंबाखूच. सत्तरी, डिचोली, पेडण्याकडच्या घरांतून म्हाताऱ्या बायका ती अजून लावतात आणि व्यसनाच्या हिशेबात ती कोणी धरत नाही. सकाळी दात घासायला म्हणून सुरू होते, मग दुपारी जेवल्यावर, मग संध्याकाळी चहाच्या आधी. निकोटिन हिरडीतून रक्तात जातं, त्यासाठी चावावंच लागतं असं नाही. ट्यूबमधून मिळणाऱ्या तंबाखूच्या काळपट पेस्टचंही तेच. टूथपेस्टच्या शेजारी ठेवलेली असते म्हणून ती टूथपेस्ट होत नाही. ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा. तपकीर, जर्दा घातलेलं पान, हेही मोजणीत घ्या.

मोजणी अशासाठी की एकाने सोडायची आणि बाकीच्यांनी चालू ठेवायची, हे एका छपराखाली जमत नाही. मी सोडली तेव्हा चौथ्या दिवशी रात्री आईच्या बाटलीचं झाकण उघडून नुसता वास घेत उभा राहिलो होतो. तेव्हा सगळ्यांनी एकाच तारखेला सोडायची. ज्याला जमणार नाही त्याने निदान घराबाहेर ठेवायची.

आणि एक गोष्ट आजच बंद करा: पोराला दुकानावर पुडी आणायला पाठवणं. अठरा वर्षांखालच्या मुलाला तंबाखू विकायला कायद्याने बंदी आहे. पण आपण मुद्दाम पाठवलं की ओळखीचा दुकानदार देतो. गोव्यात गुटख्यावर 2005 पासून बंदी आहे. तरी पान मसाल्याची एक पुडी आणि तंबाखूची एक अशी जोडी घेऊन गिऱ्हाईक स्वतःच गुटखा तयार करतो, हे सगळ्यांना माहीत आहे. बंदी आपलं घर राखील, या भ्रमात राहू नका.

आरशासमोर पाच मिनिटं

सोडायच्या आधी स्वतःचं तोंड बघा. उजेडात उभे राहा, मोबाईलचा टॉर्च लावा, हात धुवा, कवळी असेल तर काढा. ओठ उलटून आतून बघा. गाल बोटाने बाहेर ओढून शेवटच्या दाढेपर्यंत बघा. जीभ बाहेर काढा, दोन्ही कडा बघा, मग टाळूला लावून खालची बाजू बघा. तंबाखू धरायची तुमची जी ठरलेली जागा असेल, तिथे जास्त वेळ द्या. माझ्या खालच्या ओठाच्या आत कातडी पांढरी, सुरकुतलेली झाली होती, पाण्यात फार वेळ राहिलेल्या बोटासारखी.

पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, गाठ, कारण नसताना हलणारा दात, तिखट लागलं की होणारी आग, गिळताना अडकल्यासारखं वाटणं, यांतलं काहीही दिसलं की दाखवायला जायचं. दुखत नाही म्हणून थांबायचं नाही. सुरुवातीला दुखतच नाही. दादाचं तेच झालं.

मग तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का ते बघा. जात नसतील तर तोंड आखडायला लागलं आहे. हे मुख्यतः सुपारीने होतं आणि हा कॅन्सरच्या आधीचा टप्पा ठरू शकतो.

दाखवायला लगेच बांबोळी गाठायची गरज नाही. जवळच्या आरोग्य केंद्रात तीस वर्षांवरच्या माणसांचं तोंड तपासण्याची सोय सरकारी कार्यक्रमातच आहे. पुढे गरज पडली तर बांबोळीलाच गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजचं इस्पितळ, आहे आणि गोवा दंत महाविद्यालयही. घरच्या पेशंटला घेऊन जाताच आहात, तर त्याच फेरीत स्वतःचंही तोंड दाखवून घ्या. लाज वाटते, कबूल. मी दोन फेऱ्या फुकट घालवल्या.

तारीख आणि वही

तारीख आठ-दहा दिवसांच्या आतली धरा. चवथ (गणेश चतुर्थी) झाल्यावर, ऑपरेशन झाल्यावर, असं म्हणाल तर ती तारीख येतच नाही. ऑपरेशनचा दिवसही नको, त्या दिवशी डोकं ठिकाणावर नसतं.

तोपर्यंतच्या दिवसांत एकच करायचं: प्रत्येक बार लिहायचा. किती वाजता, कुठे, कोणाबरोबर. पाठकोऱ्या कागदावर लिहिलंत तरी चालेल. मला वाटायचं मी दिवसाला सात-आठ वेळा खातो. वहीत चौदा निघाले. त्यातले पाच नुसते गाडी चालवताना, तीन जेवण-चहानंतर, एक पहाटे उठल्या उठल्या. बाकीचे फोन आला की. तलफ अशी वेळा धरून येते आणि वेळा समजल्या की त्यांच्या आड काहीतरी ठेवता येतं. पहाटेचा बार सगळ्यात चिवट असतो, म्हणून या आठवड्यात त्याचीच वेळ रोज पंधरा-वीस मिनिटं पुढे ढकलत न्या.

तारखेच्या आदल्या रात्री पुड्या, डबी, आईची बाटली, ट्यूब, गाडीच्या डॅशबोर्डमधली आणीबाणीची पुडी, सगळं काढून चुलीत नको, कचऱ्यात घाला. वर पाणी ओता. कोरडी पुडी कचऱ्यातून परत काढलेला माणूस मला माहीत आहे. फार जवळून माहीत आहे.

सुपारीचा सापळा

इथे आपल्याकडे खास सांभाळायला हवं. फोंडा, सत्तरीच्या कुळागरांची सुपारी प्रत्येक घरात असते, विडा देवाला लागतो, पाहुण्यालाही लागतो. तंबाखू सोडलेला माणूस पहिल्या आठवड्यात हमखास म्हणतो, "नुसती सुपारी तर खातोय." सुपारीत तंबाखू नसली तरी ती स्वतःच कॅन्सर करते, जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने तसं स्पष्ट नोंदवलेलं आहे. गोड सुपारी, तंबाखू नसलेला पान मसाला, भाजकी सुपारी, सगळ्यांना हेच लागू. वर सुपारी तोंडात गेली की हात चुन्याच्या डबीकडे वळतो तो वेगळाच.

तोंडाला काम हवं हे खरं. बडीशेप, वेलची, भाजलेले तीळ, खोबऱ्याचा तुकडा, सुकवलेला आवळा खिशात ठेवा. तीच जुनी डबी वापरू नका. लवंग तोंड आलेलं नसेल तरच.

औषधाची मदत घ्या, त्यात कमीपणा नाही

आमच्याकडे मनाचा निग्रह असला की झालं, असं म्हणणारे पुष्कळ. ते बहुतेक तंबाखू न खाणारे असतात.

निकोटिनची च्युइंगम औषधाच्या दुकानात मिळते, 2 आणि 4 मिलिग्रॅमची. उठल्यापासून अर्ध्या तासात पहिला बार लागणाऱ्याला सहसा 4 ची लागते. पण ती डॉक्टरांना विचारून. हृदयाचा त्रास असेल, पोटात बाळ असेल, तोंडात जखम किंवा चट्टा असेल, तर कुठलीही गोळी-गम स्वतःच्या मनाने नको. तोंड खराब असलेल्याला डॉक्टर कातडीवर लावायची पट्टी सुचवू शकतात. बुप्रोपिऑन, व्हॅरेनिक्लिन अशा गोळ्याही आहेत. त्या चिठ्ठीवरच घ्यायच्या, आणि कधी फिट आली असेल तर डॉक्टरांना आधी सांगायचं.

गम खायची रीत बहुतेकांची चुकते आणि मग "याने काही होत नाही" म्हणून ते परत पुडीकडे जातात. ती बबलगमसारखी चघळायची नाही. सावकाश आठ-दहा वेळा चावा, तिखट चुणचुण लागली की थांबा आणि गाल-हिरडीच्या मध्ये ठेवून द्या. चुणचुण गेली की पुन्हा थोडं चावा, पुन्हा ठेवा, शक्यतो तंबाखूच्या जागेच्या दुसऱ्या बाजूला. असा अर्धा तास. भराभर चावून रस गिळलात तर उचकी आणि जळजळ, बाकी काही नाही.

आता चुन्याची गंमत. आपण तंबाखूत चुना घालतो तो चवीसाठी नव्हे. चुन्याने तोंड अल्कधर्मी होतं आणि निकोटिन चटकन रक्तात उतरतं. आंबटाने याच्या उलट होतं. म्हणून गमच्या आधी पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असताना सोलकढी, कोकम सरबत, लिंबू सोडा, कॉफी घ्यायची नाही. मी जेवणावर सोलकढी पिऊन लगेच गम तोंडात टाकायचो आणि कंपनीला शिव्या द्यायचो.

पहिले सहा आठवडे साधारण दर एक-दोन तासांनी एक, मग अंतर वाढवत तीन महिन्यांत बंद, असा सर्वसाधारण क्रम. गम आणि तंबाखू एकाच वेळी चालू ठेवायची नाही.

माणसाशी बोलायचं असेल तर 1800-11-2356 हा राष्ट्रीय क्विटलाईनचा नंबर आहे, फुकट, सोमवार सोडून सकाळी 8 ते रात्री 8. तो तंबाखूच्या पाकिटावरच छापलेला असतो. आयुष्यभर पाकीट हातात असून मी तो कधी वाचला नव्हता. हिंदी-मराठीत बोलता येतं आणि ते पुढचे काही दिवस स्वतःहून फोन करून विचारपूस करतात. 011-22901701 वर मिस्ड कॉल दिला तर मोबाईलवर संदेश येत राहतात. घरच्या आजारपणाने मनच खचलं असेल तर टेलिमानसचा 14416.

पहिले तीन दिवस, आणि पोट

शेवटच्या बारानंतर काही तासांतच शरीर कुरकुरायला लागतं. दुसरा-तिसरा दिवस सगळ्यात वाईट. डोकं दुखतं, झोप उडते, कोणी "चहा घेणार का?" विचारलं तरी राग येतो. घरच्यांना आधी सांगून ठेवा की हे तीन दिवस माझं बोलणं मनाला लावून घेऊ नका. मी सांगितलं नव्हतं. वहिनी आधीच दादाच्या काळजीने अर्धी झालेली, तिला मी ताटावरून बोललो. ते अजून सलतं.

प्रत्येक तलफ वेगळी येते आणि पाच-दहा मिनिटांत ओसरते, मग खा की नका खाऊ. तेवढा वेळ काढायचा. घोट घोट पाणी प्या, उठून अंगणात जा, घड्याळाकडे बघा. गाडी चालवताना आली तर गाडी बाजूला लावा.

पोटाबद्दल कोणी बोलत नाही, म्हणून मीच लिहितो. कितीतरी माणसं फक्त "तंबाखूशिवाय साफ होत नाही" म्हणून परत सुरू करतात. निकोटिनने आतडं हलतं, त्यामुळे सोडल्यावर पहिले काही दिवस बद्धकोष्ठ होतं, ते खरंच होतं. त्याची तयारी तारखेच्या आधीच करा. उठल्यावर दोन पेले कोमट पाणी, थोडं चालणं, उकड्या तांदळाची पेज, पपई, पालेभाजी, रात्री इसबगोल. ठरलेल्या वेळेला जाऊन बसायचं, झालं नाही तरी. दोनेक आठवड्यांत पोट आपलं आपण चालायला लागतं.

काही जणांना सोडल्यावर तोंड येतं. घरात कॅन्सर असताना तोंड आलं की काळजाचं पाणी होतं, समजू शकतो. बहुतेक वेळा ते आठ-दहा दिवसांत जातं. दोन आठवड्यांचा नियम मात्र इथेही लागू: नाही गेलं तर दाखवा.

इस्पितळातला रिकामा वेळ

माझा पाय घसरला तो इथेच. तोंडाच्या कॅन्सरला ऑपरेशननंतर रेडिएशन लागलं तर ते सहसा आठवड्याला पाच दिवस, सहा-सात आठवडे चालतं. पेशंट आत दहा-पंधरा मिनिटं असतो, सोबतचा माणूस बाहेर तासन् तास. एका इस्पितळाच्या फाटकाबाहेर गाडा होता आणि त्याच्याभोवती सगळे पेशंटांचे भाऊ, मुलगे, जावई. कोणीतरी हातावर मळलेली पुढे केली. सव्वीसावा दिवस होता माझा. घेतली.

म्हणून वाट बघण्याची सोय आधी करा. पाण्याची बाटली आणि डबा घरून न्या, म्हणजे फाटकाबाहेर जायचं कारणच उरत नाही. हाताला काम ठेवा: जपमाळ, शब्दकोडं, मोबाईलवर भजन, आमच्या एका भावोजींनी तर काथ्याच्या दोऱ्या वळल्या. खिशात सुटे पैसे ठेवू नका. माझे तंबाखूचे दिवसाला चाळीस रुपये जायचे. ते रोज फाईलच्या कप्प्यात टाकायला लागलो. वर्षाचे 14,600 होतात. दादाच्या फेऱ्यांचं बरंचसं भाडं त्यातूनच निघालं.

पेशंटने आता सोडून काय उपयोग?

हा प्रश्न दादानेच विचारला. "व्हायचं ते झालं, आता कशाला छळता?" उपयोग आहे. तंबाखू चालू राहिली तर ऑपरेशनची जखम उशिरा भरते, रेडिएशनमध्ये तोंड जास्त सोलतं, आणि तोंडात-घशात दुसरा कॅन्सर होण्याचा धोका राहतो. पेशंट किती तंबाखू खायचा, काय खायचा, हे सर्जनला आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना खरं सांगा. त्याने चोरून खाल्ली तर तेही सांगा, त्याच्यासमोरच, आवाज न चढवता.

"सांगत होतो ना तुला!" हे वाक्य घरात कोणीही उच्चारायचं नाही. ऐकणाऱ्याला त्यावर एकच उपाय माहीत असतो, आणि तो पुडीत असतो. आम्ही त्याला एवढंच म्हणालो की तुझ्याबरोबर आम्हीही सोडतोय, तारीख सोमवारची. तो काही बोलला नाही. सोमवारी सकाळी स्वतः उठून पुड्या आणून ओट्यावर ठेवल्या.

चवथ, जत्रा, शिगमा

घुमट-समेळ घेऊन रात्र जागवायची, दशावतारी नाटक पहाटेपर्यंत बघायचं, आणि शेजारी कोणी चंची सोडत नाही, असं होत नाही. पहिल्या वर्षी नाटकाला मधोमध बसू नका, बायका-पोरांच्या बाजूला बसा. विडा पुढे आला तर हातात घ्या, मान राखा आणि ताटात ठेवा. "डॉक्टरांनी तोंड तपासायला सांगितलंय" एवढं म्हटलं की आग्रह थांबतो. "सोडली" म्हटलं की मात्र दोघेतिघे कुतूहलाने परीक्षा घ्यायला सरसावतात.

काजूच्या दिवसांत हुर्राकाची, म्हणजे काजूच्या ताज्या दारूची, बैठकही तशीच. दारूबरोबर निग्रह विरघळतो. पहिले तीन महिने बैठकच टाळा.

घसरलात तर

सव्वीसाव्या दिवशी घेतल्यावर मी त्या संध्याकाळी अख्खी पुडी विकत आणली. मोडलंच आहे तर पूर्ण मोडू, या हिशेबाने. चूक तिथे झाली. एक बार म्हणजे एक बार, सव्वीस दिवस त्याने पुसले जात नाहीत. थुंका, चूळ भरा, वहीत वेळ आणि जागा लिहा, आणि तिथे पुढच्या वेळी काय करायचं ते त्याखाली. मी लिहिलं होतं: "फाटक. डबा घरून." दुसऱ्या दिवशी क्विटलाईनला फोन केला, आणि तिथून धरलेली आजवर टिकली आहे.

आईला मशेरी सोडायला सगळ्यात जास्त वेळ लागला, जवळजवळ पाच महिने. दुपारची आधी गेली, मग संध्याकाळची, सकाळची शेवटी. त्या बाटलीत आता मीठ आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही तिघं न्हाणीघरात आरशासमोर तोंडं उघडून उभे असतो आणि टॉर्च धरायला पुतण्या.